मागून घेतलेलं पोस्टिंग

आमदार धरमपाल चौधरींनी राजीनामा दिल्याची बातमी तानूबाईंना टँकरपाशी कळली. गुडगावात त्या वेळी बहुतेक बातम्या वर्तमानपत्राच्या आधी टँकरपाशीच यायच्या. विजयदीप सोसायटीच्या फाटकात टँकर लागला की चारही मजल्यांवरची माणसं बादल्या, कॅन, हाताला लागेल ते भांडं घेऊन खाली उतरायची, आणि पाइप आपल्यापर्यंत येईस्तोवर बोलण्याखेरीज दुसरं करायला काही नसायचं.

"पानी के लिए कुर्सी छोड़ दी," सोसायटीचे सेक्रेटरी खुराना सगळ्यांना सांगत होते. "ऐसा आदमी आजकल मिलता है कहीं?"

तानूबाईंना ऐकून बरं वाटलं. सत्त्याण्णव साल होतं. मोहरीच्या शेतांवर एकामागून एक इमारती उठत होत्या. त्यांचा मुलगा कौस्तुभ ज्या मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर होता, तिथली निम्मी माणसं आसपास राहायला आली होती. घरं आली, फोन आले, केबल आली. पाणी तेवढं यायचं राहिलं होतं. त्या पाण्यासाठी कुणी आमदारकी सोडली म्हणजे मोठीच गोष्ट.

वर येऊन त्यांनी यजमानांना सांगितलं. तात्यासाहेब गॅलरीत मटार सोलत बसले होते. सैन्यातून सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झालेला माणूस, मटार सोलतानाही पाठ ताठ.

"बघू," एवढंच ते म्हणाले.

पंधरवडा उलटतो न उलटतो तोच धरमपालांनी दुसऱ्या पक्षाचा गमछा गळ्यात घातला आणि पोटनिवडणूक जाहीर झाल्याबरोबर त्याच जागेवर पुन्हा उभे राहिले. पक्ष बदलायचा तर आमदारकी सोडणं भागच होतं. पाण्याचं निमित्त आयतं हाताशी होतं, ते त्यांनी पुढे केलं. सरकारी पक्षानं त्यांच्यासमोर सिंगला नावाच्या बिल्डरला उभं केलं. म्हणजे एकीकडे पाण्याच्या नावावर पळालेला माणूस, दुसरीकडे पाण्याशिवाय घरं विकणारा.

तात्यासाहेबांना सिंगलांचा राग आला नाही. धरमपालांचा आला.

"पोस्ट सोडून गेला," ते येरझाऱ्या घालत म्हणाले. "आणि आता त्याच पोस्टवर परत यायला आपली मतं मागतोय! सैन्यात असता तर..."

"सैन्यात नाहीये ना तो," तानूबाई म्हणाल्या. "बसा, चहा घ्या."

रविवारी सोसायटीच्या बागेत सभा भरली. आजूबाजूच्या चार सोसायट्यांची माणसं आली होती. आपलाच एखादा माणूस उभा करू या, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोण, असं विचारल्यावर मात्र जो तो चपलांकडे बघू लागला. कुणाची नोकरी होती, कुणाचं दुकान होतं. शेवटी खुरानांनी मागच्या रांगेकडे बोट केलं. "मेजर साहब से अच्छा कौन है?"

तात्यासाहेब घरी आले तेव्हा तानूबाई पोळ्या लाटत होत्या.

"मी उभा राहतोय," ते स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले.

"मग बसा की. पाट घ्या."

"अगं, निवडणुकीला!"

लाटणं तसंच राहिलं. बाहेरच्या खोलीत सूनबाईंनी, स्वप्नालीनं, एकदम टाळी वाजवली. "बाबा, खरंच? बिल्कुल उभे राहा! कुणीतरी पाहिजेच होतं." सात वर्षांच्या अक्षयाला काहीच कळलं नव्हतं, पण आई खूश आहे म्हणताना तीही नाचायला लागली. तानूबाईंनी पोळी तव्यावर टाकली. ती करपली.

त्यांना काय झालं ते त्यांनाच नीट सांगता आलं नसतं. लग्न होऊन साताऱ्याकडच्या त्या खेड्यात आल्या तेव्हा नवरा महिन्याभरात सीमेवर गेला. कौस्तुभ चालायला लागला तेव्हा तो नागालँडमध्ये होता. सासरे गेले तेव्हा लडाखमध्ये. मधे काही वर्षं छावणीतल्या क्वार्टरमध्ये एकत्र काढली, तीही अर्धी त्याच्या ट्रेनिंगमध्ये आणि सरावात गेली. फौज सुटली तर फरिदाबादच्या एका कारखान्यानं सिक्युरिटी ऑफिसर म्हणून घेतलं. तिथे रविवार नाही की सण नाही. खऱ्या अर्थानं तात्यासाहेब घरी आले त्याला आता कुठे दोन वर्षं झाली होती.

आणि या दोन वर्षांत तानूबाईंना नवऱ्याची नव्यानं ओळख झाली होती. त्यांना भरली वांगी आवडत नाहीत, आयुष्यभर नुसती खात आले, हे या दोन वर्षांत कळलं. ते झोपेत हसतात हे कळलं. पुण्याहून टपालानं शिळं झालेलं साप्ताहिक आलं की ते दुपारी मोठ्यानं वाचून दाखवत, अगदी वधूवरांच्या जाहिरातींसकट, आणि प्रत्येक वराला नापास करत. लग्नाला इतकी वर्षं होऊन गेल्यावर नवरा गमतीदार आहे हे कळावं, याचं त्यांना नवल वाटायचं आणि थोडं रडूही यायचं.

हे सगळं बोलून कसं दाखवायचं? त्या इतकंच म्हणाल्या, "तब्येतीला झेपेल ना?"

"ठणठणीत आहे," तात्यासाहेब म्हणाले, आणि इस्त्रीचे कपडे काढायला गेले.

अपक्ष म्हणून त्यांना निशाणी मिळाली कंगवा. तात्यासाहेबांच्या डोक्यावर एक केस नव्हता. कौस्तुभ इतका हसला की त्याला ठसका लागला. "बाबा, यार, दुसरी काही मागता नाही का येत?"

पण पहिल्याच सभेत कुणीतरी मागून ओरडलं, "मेजर साहब, आप कंघी का क्या करेंगे?" तेव्हा तात्यासाहेब शांतपणे म्हणाले, "मुझे ज़रूरत नहीं है, इसीलिए आपके लिए लाया हूँ. जिनको ज़रूरत है, वो तो अपने पास रख लेंगे." सगळी बाग हसली, आणि दुसऱ्या दिवशी टँकरपाशी तेच वाक्य चाललं होतं. गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या तानूबाईंनाही हसू आलं. मागोमाग मनात आलं, हा माणूस निवडून येईल की काय!

बायकांची मतं मागायचं काम सासू-सुनांकडे आलं. सोसायट्या झाल्यावर स्वप्नाली म्हणाली, "आई, बेरीवासला पण जाऊ या." बेरीवास म्हणजे शेजारचं मूळचं गाव. आजूबाजूची सगळी जमीन त्याचीच, आता इमारतींच्या मधे अडकून बसलेलं. अरुंद गल्ली, शेणाचा वास, आणि प्रत्येक दाराशी म्हैस. स्वप्नाली एका गल्लीत शिरली, तानूबाई दुसऱ्या.

एका मोठ्या फाटकाआड खाटेवर एक म्हातारी हुक्का ओढत बसली होती. तानूबाईंनी पत्रक पुढे केलं. म्हातारीनं ते उलटं धरून कंगव्याचं चित्र बघितलं, मग तानूबाईंच्या काष्ट्याच्या लुगड्याकडे बघितलं, आणि खाटेवर जागा करून दिली.

"बैठ. कहाँ की है?"

"महाराष्ट्र. सातारा. आपका नाम?"

"भरपाई."

तानूबाईंना वाटलं, म्हातारी कसली तरी नुकसानभरपाई मागतेय. "किसका भरपाई?" त्यांनी विचारलं.

"अरी, मेरा नाम है! पाँचवीं छोरी थी मैं. बापू बोला, बस, भर पाये." म्हणजे भरून पावलो, आता मुली पुरे! आणि ती दात नसलेल्या तोंडानं खदखदून हसली. "सारा गाँव ताई कहता है. तू भी कह ले."

ताई तर ताई. वय बघता मोठी बहीणच. तानूबाईंना घरच्यासारखं वाटलं. भरपाईनं आतून पितळी पेला भरून ताक आणवलं, वर लोण्याचा गोळा. मग तिनं विचारलं, "तेरा कौन है ये कंघीवाला?"

तानूबाईंनी आयुष्यात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, आणि ‘नवरा’ला हिंदीत काय म्हणायचं ते ऐन वेळी आठवेना. "घर में रहते हैं," त्या म्हणाल्या.

"मेरावाला तो घर में रहता ही नहीं," भरपाई म्हणाली.

तेव्हा कुठे तानूबाईंचं लक्ष भिंतीकडे गेलं. हार घातलेल्या फोटोंच्या शेजारी हात जोडलेले धरमपाल चौधरी हसत होते. त्या धरमपालांच्या घरात बसून त्यांच्याविरुद्ध मत मागत होत्या. पेला ठेवून त्या उठायला लागल्या, पण म्हातारीनं मनगट धरलं.

"बैठ, बैठ. मैं कोई नेता हूँ? उसकी माँ हूँ."

मग ती बोलत राहिली. तिची बोली तानूबाईंना अर्धीमुर्धी कळत होती, पण सांगणं सगळं पोचत होतं. मुलगा आमदार झाला तेव्हा गावभर लाडू वाटले. तेव्हापासून घरात सतत शंभर माणसं, आणि मुलगा एक तर चंदीगडला विधानसभेत नाहीतर गाडीत. जेवणावर बसला की फोन. राजीनामा दिला तेव्हा लोक कौतुक करत होते, काही शिव्या देत होते. भरपाईला त्यातलं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसलं की फोन बंद झाले, माणसं पांगली, आणि मुलगा अंगणात खाटेवर येऊन झोपला. रोज तिच्या हातची बाजरीची भाकरी खाल्ली. एकदा तर म्हशीची धार काढायला बसला.

"मैंने सोचा, चलो, चंडीगढ़ ने मेरा छोरा लौटा दिया," भरपाई म्हणाली. "फिर खड़ा हो गया." तिनं हुक्क्याचा एक झुरका घेतला. "इस बार मैं वोट देने नहीं जाऊँगी. कह दिया, घुटने दुखते हैं."

"दुखते हैं?"

"थोड़े-थोड़े."

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. निघताना तानूबाईंना सांगायचं होतं की ताई, मला तुमचं सगळं कळलं, अगदी आतपर्यंत कळलं. पण तेवढी हिंदी त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी वाकून नमस्कार केला.

मतदान सेक्टरच्या प्राथमिक शाळेत होतं. तात्यासाहेबांनी सकाळीच पहिल्या रांगेत उभं राहून मत दिलं आणि बाकीची केंद्रं बघायला निघून गेले. तानूबाई स्वप्नालीबरोबर दुपारी गेल्या. बोटाला शाई लागली, हातात लांबलचक मतपत्रिका आली, आणि त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे शिक्का घेऊन उभ्या राहिल्या. कंगवा वरून पाचवा होता. शिक्का उचलून त्यांनी कंगव्यावर आणला. डोळ्यांपुढे आलं ते असं: तात्यासाहेब चंदीगडच्या बसमध्ये चढताहेत, इस्त्रीचा शर्ट, हातात ती जुनी ट्रंक, आणि खिडकीतून हात हलवताहेत. कितीदा बघितला होता तो हात!

बाहेरून कुणीतरी म्हणालं, "माताजी, जल्दी कीजिए."

तानूबाईंनी शिक्का खाली ठेवला. मतपत्रिकेची कोरीच घडी घातली आणि पेटीत टाकून त्या बाहेर आल्या.

निकाल लागला तो असा: सिंगला निवडून आले. धरमपाल थोडक्यात पडले. तात्यासाहेब तिसरे; अनामत गेली, पण अठराशेच्या वर मतं पडली होती, आणि धरमपाल त्याहून कमी मतांनी हरले होते. टँकरपाशी खुराना मिशीवर ताव देत होते. "हमने चौधरी को दिखा दिया!"

तात्यासाहेब सगळ्यांशी हसून बोलले. पुण्याहून त्यांच्या पलटणीतल्या मित्राचा फोन आला. "काय तात्या, पानिपत झालं म्हणे!" तो पलीकडून ओरडला, आणि तात्यासाहेबही खो खो हसले. पण रिसीव्हर ठेवल्यावर ते फोनशेजारच्या स्टुलावर तसेच बसून राहिले. तानूबाईंनी दारातून बघितलं. आपला नवरा जिंकायची आशा धरून होता, मनातून, अगदी लहान मुलासारखी, हे त्यांना त्या क्षणी कळलं. आणि पोटात ठेवलेली गोष्ट ठेववेना.

"अहो," त्या जवळ जाऊन म्हणाल्या, "मी तुम्हाला मत दिलं नाही."

तात्यासाहेबांनी मान वर केली. "मग कुणाला दिलंस?"

"कुणालाच नाही. कोरा कागद टाकला."

ते उठून गॅलरीत गेले.

दोन दिवस घरात अबोला होता. भांडण नव्हतं, आवाज नव्हता. "मीठ दे," "दार लाव," एवढंच. स्वप्नालीनं कौस्तुभला विचारलं, कौस्तुभ म्हणाला, हरण्याचं लागलंय बाबांना. अक्षयानं आजोबांना साप्ताहिक आणून दिलं तर त्यांनी ते घडीच न उलगडता ठेवून दिलं. तानूबाई कामं करत राहिल्या. आपण चुकलो का, हे त्यांनी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं. सांगायला नको होतं, असं कधी वाटे. सांगितलं ते बरं, असं कधी. पण शिक्का पुन्हा हातात आला असता तर काय केलं असतं, हे काही त्यांना ठरवता येईना.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात सहा फुटांचे धरमपाल चौधरी उभे होते, एकटे, हातात दुधाची किटली.

"मेजर साहब घर पर हैं?"

तात्यासाहेब ताठ होऊन बाहेर आले. मग धरमपाल ओशाळं हसले. "मेजर साहब, हम तो आपकी कंघी में उलझ गए." त्यांनी किटली तानूबाईंच्या हातात दिली. "भैंस ब्याई है. माँ ने खीस भेजी है. बोली, वो सातारेवाली को देकर आ, खुद जाकर देना."

तानूबाईंनी झाकण उघडलं. चीक! घट्ट, पिवळसर, पहिल्या धारेचा. गुडगावात आल्यापासून त्यांनी चीक बघितला नव्हता. त्यांनी त्यात गूळ-वेलची घातली, भांडं कुकरात चढवलं, आणि वाफ येईपर्यंत बाहेरचं बोलणं ऐकत राहिल्या.

आधी हवापाणी झालं. मग धरमपाल म्हणाले, "सच कहूँ? सुबह उठता हूँ तो समझ में नहीं आता, जाना कहाँ है. फोन बजता नहीं. माँ कहती है, बैठ. अब बैठूँ कैसे?"

"आदत पड़ते पड़ते पड़ती है," तात्यासाहेबांचा आवाज आला. "मैं रिटायर हुआ तो पहले छह महीने रोज सुबह बूट पॉलिश करता था."

"फिर?"

"फिर..." तात्यासाहेब थांबले. "फिर घरवाली ने मटर छीलने बिठा दिया."

धरमपाल मोठ्यानं हसले. तात्यासाहेब हसले नाहीत.

खरवस झाला. धरमपालांनी दोन वाट्या खाल्ल्या. खीसचं असंही काही होतं हे त्यांना माहीत नव्हतं, आईसाठी डब्यात बांधून घेतला. ते जिना उतरून गेले, तसे तात्यासाहेब स्वयंपाकघरात आले आणि ओट्याला टेकून उभे राहिले.

"आधी का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं?"

"उभे राहू नका म्हणून."

तानूबाईंनी कुकरचं भांडं घासायला घेतलं होतं, ते खाली ठेवलं. "तुम्ही विचारलंत का? ‘उभा राहतोय’ म्हणालात. जसं ‘लेहला निघालोय’ म्हणायचात, तसंच." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तेव्हा कधी मी काही बोलले? हुकूम यायचा, तुमच्या हातात नसायचं. मी समजून घेतलं, आणि मनापासून घेतलं हो. पण हे पोस्टिंग कुणी दिलं नव्हतं. हे तुम्ही स्वतः मागून घेतलं होतंत."

तात्यासाहेबांनी उगाच नळ सोडून पाहिला. त्या नळाला पाणी नव्हतंच.

"मला वाटलं, तुला अभिमान वाटेल," ते म्हणाले.

"वाटला ना. सभेत बोलायचात तेव्हा ऊर भरून यायचा. म्हणून तर भीती वाटली."

"कसली?"

"निवडून याल म्हणून."

आता मात्र तात्यासाहेबांना हसू आवरेना. आधी ओठ हलले, मग खांदे, मग ते ओटा धरून हसत सुटले. "अठराशे लोकांना पटलं, आणि घरची..." त्यांना पुढे बोलवेना. तानूबाईही हसायला लागल्या, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागल्या. तात्यासाहेबांनी खाली ठेवलेलं घासायचं भांडं स्वतःच्या हातात घेतलं. "चूक माझी," ते म्हणाले. "विचारायला हवं होतं. तुला कधी काही विचारायची सवयच लागली नाही बघ." मग बादलीतलं पाणी घेऊन ते भांडं त्यांनी घासलं. चांगलं नाही निघालं. तानूबाईंनी नंतर पुन्हा घासलं.

सिंगलांनी सोसायट्यांमधली मतं मोजून पाहिली असावीत. उन्हाळ्याच्या आत पाण्याची लाइन टाकली. पाणी दुसऱ्या मजल्यापर्यंतच चढायचं, त्यामुळे तिसऱ्यावरच्या तानूबाईंचा टँकर पुढे वर्षभर सुटला नाही, पण आधीसारखी झुंबड राहिली नाही. बेरीवासला त्या अधूनमधून जात. जाताना कधी पुरणपोळी, कधी थालीपीठ नेत, येताना लोणी आणत. धरमपाल बहुतेक वेळा अंगणात सापडायचे. पुढे त्यांना पुन्हा राजकारणाची ओढ लागलीच, तो भाग वेगळा. पण भरपाई म्हणायची, दोन हिवाळे मिळाले, पुष्कळ झालं.

विधानसभेची पुढची निवडणूक आली तेव्हा खुराना मिठाईचा डबा घेऊन वर आले. या वेळी मेजरसाहेब नक्की निवडून येतात, सगळं वातावरण तयार आहे, असं त्यांनी सांगितलं. तात्यासाहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इनसे पूछिए."

खुराना गोंधळून तानूबाईंकडे वळले. तानूबाईंनी त्यांच्याकडे लक्ष न देता मराठीत विचारलं, "खरं सांगा, उभं राहायचंय का तुम्हाला?"

तात्यासाहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "थोडंसं," ते म्हणाले.

"थोडंसंच ना?"

"हो."

तानूबाईंना त्या माणसाची फार माया आली. त्या खुरानांना म्हणाल्या, "भाईसाब, चंदीगड नहीं. लेकिन आपका सोसायटी का प्रेसिडेंट बना दो. आफिस नीचे गेट के पास है ना? उतना दूर चलेगा."

खुरानांनी तात्यासाहेबांकडे बघितलं. तात्यासाहेब मिठाईचा डबा उघडून त्यातला पहिला पेढा तानूबाईंपुढे धरून उभे होते.